पिकलं म्हणजे खाण्याजोगं? वांग्याच्या भाऊबंदांमधली विषारी फळं

गेल्या महाशिवरात्रीला आम्ही घरचे सगळे देवगुराडियाला जाऊन आलो. आपल्या पंचांगात तो माघ वद्य चतुर्दशीचा दिवस, शेजारच्या घरच्या पंचांगात फाल्गुनातला. इंदुरात दोन्ही महिने एकाच दिवशी सुखाने नांदतात. देवळाबाहेर फुलवाल्या बाईंकडून पूजेचं सामान घेतलं होतं. बेलाची पानं, बोरं, रुईची फुलं, गव्हाच्या ओंब्या आणि धोत्र्याची दोन काटेरी फळं. एक फळ पिंडीवर वाहिलं, दुसरं पिशवीतच राहिलं. घरी आल्यावर मी पाय धुवायला गेले तेवढ्यात सात वर्षांच्या नातीने ते फळ ओट्यावर ठेवून बत्त्याने फोडलं आणि तिथूनच ओरडली, "आजी, पटकन ये! ह्याच्यात वांग्याच्या बिया आहेत!"

मी तशीच ओल्या पायांनी धावले. "तोंडात घातलंस का काही?" "नाही गं, नुसतं बघत होते." साबणाने तिचे हात धुतले, नखांत काही अडकलंय का ते पाहिलं, ओटा पुसला, बत्ता दोनदा घासला. मग तिला जवळ घेऊन सांगितलं की तू पाहिलंस ते शंभर टक्के बरोबर आहे. मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कुळ समजावून सांगायला मी फळं आडवी कापून दाखवत असे. ही पोर बत्ता घेऊन एकटीच तिथे पोचली होती.

धोत्रा खरोखरच वांग्याचा भाऊबंद आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, अश्वगंधा, रसभरी, अंगणातली रातराणी ही सगळी मंडळी त्याच कुळातली. जगभरात या कुळाच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. आपलं रोजचं जेवण ज्या कुळावर चालतं, त्याच कुळात माणसाला भ्रमिष्ट करून सोडणारी फळंही लागतात, आणि दोघांचे चेहरे मिळतेजुळते असतात. म्हणून "अनोळखी फळ खाऊ नको" एवढं सांगून भागत नाही. मुलांच्या डोळ्यांना हे फळ अनोळखी वाटतच नाही. वांग्यासारखं, टोमॅटोसारखं, रसभरीसारखं, म्हणजे घरातल्यासारखंच दिसतं.

ओळख कुठे पटते ते एकदा बघून ठेवा. वांग्याचं फूल हातात घ्या. पाच पाकळ्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या आणि मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका. टोमॅटोचं, बटाट्याचं, मकोयचं (म्हणजे कामोणीचं) फूल असंच, फक्त लहान किंवा वेगळ्या रंगाचं. दुसरी खूण देठाशी असते. फूल गळलं तरी फुलाखालची हिरवी वाटी गळत नाही, ती फळाबरोबर राहते. वांग्याची काटेरी टोपी म्हणजे तीच वाटी. टोमॅटोच्या डोक्यावरची हिरवी चांदणीही तीच. रसभरीत ती इतकी फुगते की अख्खं फळ तिच्या कागदी कंदिलात लपतं. धोत्र्याचं फूल मात्र लांब कर्ण्यासारखं, आणि त्याची वाटी वरून फाटून गळते, पण बुडाशी तिची झालर उरते. काटेरी फळाच्या देठाशी गोल कॉलरसारखं जे दिसतं ते हेच. नातीला मी ही कॉलर आधी दाखवली, विषाचं नंतर सांगितलं.

आता विषाकडे येऊ. या कुळात मुख्यतः दोन प्रकारची विषं आहेत, आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी वागतात. हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिलं सोलानीन आणि त्याची भावंडं. हे बटाट्यात, मकोयमध्ये, रिंगणीत असतं. टोमॅटोत त्याचाच चुलतभाऊ टोमॅटीन असतो. झाडाच्या दृष्टीने बघा. फळ कच्चं असतं तेव्हा आतलं बी तयार नसतं. तेव्हाच कोणी ते खाल्लं तर झाडाची मेहनत वाया. म्हणून कच्च्या फळात हे कडू विष भरलेलं. बी तयार झालं की झाडालाच हवं असतं की पक्ष्याने यावं, फळ खावं आणि बी दूर नेऊन टाकावं. मग रंग बदलतो, गोडवा येतो, आणि बहुतेक जातींत विषही ओसरतं. हिरवा टोमॅटो तुरट-कडवट आणि लाल टोमॅटो गोड, यामागे हाच व्यवहार आहे.

दुसरं विष धोत्र्याचं. अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन अशी तीन नावं त्यात येतात. धोत्र्याचं फळ पिकून गोड होतच नाही. ते वाळतं, तडकतं आणि बिया सांडतं. त्याला कोणाला जेवायला बोलवायचं नाही, त्यामुळे विष कमी करायचं कारणही नाही. पान, फूल, मूळ, बी, कच्चं फळ, सुकलेलं फळ, सगळं विषारी, आणि बियांमध्ये तर भरपूर.

"पिकलं की चालतं" हा अनुभव आपल्या जिभेला टोमॅटोने दिला आहे. तोच अनुभव धोत्र्याला लावला की माणूस दवाखान्यात पोचतो.

मकोय ही मधल्या वाटेवरची. महाराष्ट्रात कांगोणी किंवा कामोणी म्हणतात, संस्कृतात काकमाची. आम्ही इंदूरकर मात्र मकोयच म्हणतो. पावसाळ्यानंतर सिरपूर तलावाच्या बाजूला, रिकाम्या प्लॉटवर, अगदी सोसायटीच्या कुंडीतसुद्धा ही आपोआप उगवते. गुडघाभर झुडूप, पांढरी चांदणीसारखी फुलं, मटाराहून लहान फळांचे झुबके. पूर्ण पिकलेली काळी फळं देशात बऱ्याच ठिकाणी खातात, दक्षिणेत पाल्याची भाजी शिजवून खातात, आयुर्वेदातही ती आहे. हिरव्या फळांत मात्र सोलानीन जास्त असतं, आणि ते किती हे जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलतं. मकोय म्हणून जे ओळखतो तीसुद्धा एकच जात नाही; काळ्या फळांच्या दोन-तीन आणि नारिंगी फळांची एक अशा अगदी जवळच्या जाती आहेत.

माझ्या घरी मुलांना मकोय खायला मनाई आहे. कारण एकदा झुबका हातात घेऊन पाहिला की कळतं. त्याच देठाला दोन काळी, एक जांभळट आणि तीन हिरवी फळं एकत्र लटकलेली असतात. लहान मूल झुबका ओढतं तेव्हा निवडून ओढत नाही.

सोलानीन पोटात गेलं की ते पेशींच्या पातळ आवरणाला छिद्रं पाडल्यासारखं करतं. पहिला मार आतड्याच्या अस्तराला बसतो, म्हणून मळमळ, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. जास्त गेलं तर डोकेदुखी, गुंगी, गोंधळ. फसवणारी गोष्ट ही की त्रास कित्येकदा लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो. सकाळी खेळताना खाल्लेल्या फळांचा संबंध रात्रीच्या उलट्यांशी कोणी लावत नाही. दुपारच्या कचोरीवर संशय जातो.

धोत्रा असा थांबत नाही. अर्ध्या-एक तासात त्याची चिन्हं दिसू लागतात. ती का दिसतात हे सांगायला मी वर्गात सरवटे बसस्टँडचं उदाहरण द्यायची.

दिवाळीच्या गर्दीत पुण्याकडे जाणारी बस लागली की काय करायचो? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. रुमाल स्वतः प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण खरा प्रवासी आला तरी त्याला बसता येत नाही. आपल्या शरीरात नसा आपला निरोप एका रसायनाकरवी पाठवतात, त्याचं नाव अ‍ॅसिटिलकोलीन. तो प्रवासी. लाळेच्या ग्रंथी, घामाच्या ग्रंथी, डोळ्याची बाहुली लहान करणारा स्नायू, आतडं, मूत्राशय, हृदयाला जरा हळू चाल म्हणणारी जागा, मेंदूतल्या काही पेशी, या सगळ्यांवर त्याच्यासाठी राखलेल्या खुर्च्या आहेत. प्रवासी बसला की काम सुरू. धोत्र्याचं विष म्हणजे रुमाल. ते प्रत्येक खुर्चीवर जाऊन पडतं आणि निरोप आला तरी काम होत नाही.

आता लक्षणं आपोआप ओळखता येतील. लाळ थांबते, म्हणून तोंड आणि घसा कोरडाठाक, गिळता येत नाही, आवाज घोगरा. घाम थांबतो, म्हणून अंग तापतं, कातडी कोरडी आणि लालसर. बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. नाडी पळते. लघवी अडते. आणि मेंदूतल्या खुर्च्यांवर रुमाल पडले की माणूस बरळतो, ओळखीच्यांना ओळखत नाही, झोकांड्या खातो, नसलेल्या माणसांशी बोलतो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत एक खूण हमखास असते: रोगी स्वतःच्या बोटांच्या टोकांतून अदृश्य धागे ओढत राहतो, अंथरूण चिवडत राहतो. ज्यांनी हे पाहिलं आहे ते पुन्हा विसरत नाहीत. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचा वेळ जातो. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, म्हणून हे विष असेल असं मनातच येत नाही. अंगाला हात लावा. कोरडं, तापलेलं अंग, मोठ्या बाहुल्या आणि बरळणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर धोत्रा मनात आलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. आतड्याची हालचालही मंदावलेली असते, त्यामुळे गिळलेल्या बिया पुढे सरकत नाहीत. त्या तिथेच राहतात आणि विष झिरपवत राहतात. म्हणून हा त्रास एक-दोन दिवस चालू शकतो, आणि बाहुल्या तर त्यानंतरही मोठ्या राहतात. "थोडं बरं वाटतंय, घरी नेऊ" हे डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही.

धोत्र्याच्या बिया माणसाने माणसावर वापरल्याचाही मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना जेवणातून धोत्रा देऊन लुटणाऱ्या टोळ्या होत्या, त्यांना धतुरिया म्हणत. आजही आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोत्र्याची नोंद वाटमारीचं विष अशीच होते. म्हणूनच त्या पुस्तकांत धोत्र्याची आणि मिरचीची बी शेजारी शेजारी ठेवून फरक शिकवतात, कारण पोटातून निघालेली बी कोणती हे कोर्टात सांगावं लागतं. मिरचीची बी फिकट पिवळी, गोलसर, पातळ, गुळगुळीत आणि तिखट. धोत्र्याची बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या किंवा कानाच्या आकाराची, जाडसर, अंगावर बारीक खळगे, वास नाही, चव कडू. बी उभी चिरली तर मिरचीत कोंबाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं दिसतं, धोत्र्यात बाहेरच्या बाजूला. चव मात्र कोणी घेऊन बघू नये. डोळे पुरतात.

माळव्यात राहणाऱ्याला याहून महत्त्वाचं वाटावं असं दुसरं आहे. धोत्रा हे शेतातलं तण आहे, आणि आपल्या भोवती मैलोनमैल सोयाबीन. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाही इथे इंदुरातच आहे. कापणीच्या वेळी बांधावरचा, सरीतला धोत्रा उपटला नाही तर तो पिकाबरोबर कापला जातो, मळला जातो आणि बिया धान्यात जातात. २०१९ साली युगांडात नेमकं असंच संकट आलं. मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाबीनच्या पिठात या कुळातल्या विषारी बियांचा अंश निघाला. सुमारे तीनशे माणसं आजारी पडली, पाच दगावली. ज्यांना पोषण मिळावं म्हणून ते पीठ होतं त्यांच्यावरच ही वेळ आली, हे वाचून मला फार दिवस चैन पडलं नव्हतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत धोत्र्याची पानं आली आणि शंभराहून जास्त लोकांना भास आणि बरळणं सुरू झालं. म्हणून पालेभाजीची जुडी सोडून एक-एक पान निवडायची आपल्या आज्यांची सवय सोडू नका. नुसती मुळं कापून जुडी धुतली की झालं असं होत नाही.

आता बाकीची मंडळी थोडक्यात. भुईरिंगणी, म्हणजे इथली कटेरी, जमिनीला चिकटून पसरते. पानांवर लांब पिवळे काटे, जांभळी फुलं, आणि हिरव्यावर पांढरे पट्टे असलेली गोट्यांएवढी फळं, जणू बाहुलीच्या घरातलं कलिंगड. पिकली की पिवळीधमक होतात. रालामंडलच्या बाजूला फिरताना हमखास दिसते. दशमुळांतलं हे एक मूळ, पण औषधात मूळ असतं म्हणून फळ चालतं असं होत नाही. सोलानीनची भावंडं या फळात आहेत, आणि पिवळं झालं तरी ते कडूच राहतं. मुलं ही फळं गोट्या म्हणून खेळतात. खेळू द्यावं, नंतर हात धुवावेत.

अश्वगंधेचं पीक आपल्या मंदसौर-नीमचकडे मोठं. नीमचच्या मंडीत मुळांचे ढीग लागतात. आता बागेतही लोक कौतुकाने लावतात. तिची फळं लालचुटुक आणि कागदी आवरणात, म्हणून मुलांना रसभरी वाटते. रसभरीचा कंदील मोठा, सैल, एकेकटा लोंबणारा आणि आतलं फळ पिवळं-नारिंगी, बोराएवढं. अश्वगंधेची फळं मटाराएवढी, लाल, फांदीला चिकटून झुपक्यात. ती खायची नसतात. आणि खरी रसभरीसुद्धा हिरवी असताना खायची नाही.

रातराणी फुलांसाठी सगळ्यांना ठाऊक, पण तिला पांढरी, मण्यांसारखी फळं धरतात हे कमी जणांच्या लक्षात येतं. तीही विषारी. तिची दिवसा फुलणारी बहीण, कुंपणाला लावतात तो दिन का राजा, गुराढोरांना अपायकारक. त्याच्या पाल्यात ड जीवनसत्त्वासारखं द्रव्य असतं, आणि तो खात राहिला तर जनावराच्या शरीरात भलतीकडे चुना साठत जातो.

मोबाइलवर मकोयचा फोटो टाकून "हे बेलाडोना आहे, स्पर्शही करू नका" असं सांगणारे निरोप दरवर्षी फिरतात. ते चूक आहे. बेलाडोना ही याच कुळातली, पण युरोपातली विषारी वनस्पती, तिची जवळची बहीण आपल्याकडे काश्मीर-हिमालयात मिळते. माळव्याच्या माळावर ती उगवत नाही. तिचं फूल मळकट जांभळं, घंटेसारखं, आणि फळ एकेकटं, चेरीएवढं, चकचकीत काळं, खाली पाच टोकांची हिरवी चांदणी पसरलेली. मकोयचे झुबके तिच्यापेक्षा अगदी वेगळे. बेलाडोनाचं शास्त्रीय नाव अ‍ॅट्रोपा, ते ग्रीक पुराणातल्या अ‍ॅट्रोपोस देवतेवरून आलं. तिघी बहिणी माणसाच्या आयुष्याचा धागा कातत, मोजत, आणि कात्री चालवायची ती ही. बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये सुंदर स्त्री. तिच्या रसाने बाहुल्या मोठ्या होतात, आणि एके काळी बायका मोठ्या डोळ्यांसाठी तो डोळ्यांत घालत.

अ‍ॅट्रोपीन हे नाव त्या झाडावरूनच पडलं, आणि आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. शेतकऱ्याच्या पोटात किंवा अंगावर कीटकनाशक गेलं की काय होतं ते बसच्याच भाषेत सांगते. प्रवाशांना उतरवणारा कंडक्टर असतो, कोलिनेस्टरेज त्याचं नाव. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं त्या कंडक्टरलाच बांधून टाकतात. कोणी उतरत नाही, गर्दी वाढत जाते; लाळ, घाम, जुलाब, बारीक बाहुल्या, छाती पाण्याने भरलेली, श्वास कोंडलेला. तिथे डॉक्टर अ‍ॅट्रोपीनचे रुमाल टाकतात आणि माणूस वाचतो. उलट धोत्र्याच्या विषबाधेत कधी कधी फायसोस्टिग्मीन देतात. ते थोडा वेळ कंडक्टरला थांबवून ठेवतं, प्रवासी वाढतात आणि रुमाल बाजूला सारून बसतात. कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हा डॉक्टरांचा निर्णय. सोलानीनसुद्धा त्या कंडक्टरच्या कामात थोडी ढवळाढवळ करतं. एकाच कुळातली दोन विषं, अशी उलट्या दिशांची.

"पक्षी खातात, मग आपल्याला काय होतंय" हे मी पालकांच्या तोंडून कितीदा ऐकलं आहे. मिरची बघा. पोपट ती मजेत खातो, कारण तिखटपणा जाणवायची जी जागा आपल्या जिभेत आहे ती पक्ष्यांमध्ये तशी काम करत नाही. झाडाला तेच हवं असतं. पक्षी बी अख्खी गिळतो, आपण चावून तिचा चुरा करतो. पक्ष्याच्या पोटावरून आपल्या पोटाचा अंदाज बांधू नये.

आणि घरातला बटाटा. उपासाच्या दिवशी तर आपली सगळी भिस्त त्याच्यावर. हातगाडीवर दिवसभर उन्हात पडलेला बटाटा हिरवा होतो. ती हिरवाई हरितद्रव्याची, स्वतः विषारी नाही, पण ज्या उजेडाने ती आली त्याच उजेडाने सोलानीनही वाढतं. साधारणपणे किलोला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. बरंचसं सालीत आणि डोळ्यांतल्या कोंबांत असतं. उकडून किंवा तळून ते जात नाही. १९६९ साली लंडनच्या एका शाळेत आधीच्या सत्रातलं उरलेलं बटाट्याचं पोतं नव्या सत्रात वापरलं गेलं आणि ७८ मुलं आजारी पडली. थोडा हिरवा डाग असेल तर साल जाड काढून तो भाग टाका. बटाटा बराच हिरवा, कोंबाळलेला किंवा चवीला कडू असेल तर सगळाच टाका. टोपली खिडकीत नको, कापडाने झाकून अंधारात ठेवा.

कोणी काही खाल्लंच, तर काय करायचं ते नीट वाचा. तोंडातलं उरलेलं थुंकायला लावा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका; गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. दूध, तूप, लिंबू, चिंचेचं पाणी यातलं काहीही पाजत वेळ घालवू नका. बरळणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, जिन्यापासून आणि रस्त्यापासून दूर ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. त्रास अजून दिसत नसला तरी जा, कारण पोटातलं विष शोषून धरणारा औषधी कोळसा लवकर दिला तर जास्त उपयोगी. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा विनामूल्य क्रमांक. तिथे दिवसरात्र सल्ला मिळतो.

आणि झाड बरोबर न्या. एक फळ, शक्य तर पानाफुलासकट फांदी, कागदात गुंडाळून. किती वाजता खाल्लं, अंदाजे किती, आणि बरोबर कोण कोण खेळत होतं तेही लिहून न्या, कारण विषारी फळ मूल सहसा एकटं खात नाही. मध्य प्रदेशात मुलांच्या टोळीने मिळून खाल्लेली विषारी फळं पुष्कळदा या कुळातली नसतातच. ती रतनज्योतीची असतात, आपल्याकडची चंद्रज्योत. तिचा त्रास वेगळा, उपचारही वेगळा. "कसलं तरी जंगली फळ" एवढ्यावर डॉक्टरांना काम करावं लागू नये.

त्या शिवरात्रीच्या रात्री आम्ही आजी-नातीने मिळून फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर तो क्रमांक, तिच्या अक्षरात. खाली तिने भिंगातून बघून काढलेली दोन चित्रं: डावीकडे मिरचीची बी, उजवीकडे धोत्र्याची. धोत्र्याच्या बीभोवती तिने कॉलरही काढली आहे. कॉलर फळाला असते, बीला नाही, हे तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "माहीत आहे गं, पण जागा तिथेच होती."